लिगामेंटमधलं बल मोजताना या चुका टाळा

बायोमेकॅनिक्सचा, म्हणजे शरीरातल्या बलांच्या अभ्यासाचा, प्रोजेक्ट घेतलेल्याला गोव्यात नमुन्यांची ददात नाही. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात डुकराचा गुडघा सांगून ठेवला की मिळतो, आणि कॉलेजात यूटीएम, म्हणजे नमुने ओढून-दाबून तपासायचं यंत्र, असतंच. मग गुडघा बांधायचा, टिबिया (नडगीचं हाड) पुढे ओढायची, लोडसेलवरचा, म्हणजे यंत्राच्या बल मोजणाऱ्या सेन्सरवरचा, आकडा उतरवून घ्यायचा आणि त्याला ‘एसीएलमधलं बल’ म्हणायचं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा; एसीएल हे गुडघ्याच्या आतलं, टिबियाला पुढे सरकू न देणारं लिगामेंट. पहिली चूक इथेच. लोडसेलला कळतं ते अख्ख्या सांध्याचं बल. कडेची कोलॅटरल लिगामेंटं, मेनिस्कस (हाडांमधली कूर्चेची गादी), कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण), हाडांचा एकमेकांवरचा दाब, सगळं त्यात मिसळलेलं असतं.

एकट्या एसीएलचा वाटा काढायचा तर वजाबाकी करावी लागते. अखंड सांध्याची हालचाल नोंदवायची, लिगामेंट कापायचं आणि तीच हालचाल जशीच्या तशी पुन्हा करवायची. दोन वेळच्या बलांतला फरक तो कापलेल्या लिगामेंटचा. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये बायोमेकॅनिक्सचे संशोधक सॅव्हिओ वू यांच्या गटाने १९९०च्या दशकात रोबो आणि बलाचे तीन व आघूर्णाचे तीन असे सहा घटक मोजणारा सेन्सर जोडून ही पद्धत रुळवली.

गंमत अशी की, पद्धत पाठ असलेलेही दुसऱ्या फेरीत घसरतात. कापल्यावर पुन्हा तेवढंच, समजा १०० न्यूटन, बल लावतात. टिबिया अर्थातच आणखी पुढे सरकते. त्यावरून सांधा किती ढिला झाला ते समजतं, लिगामेंटमधलं बल नाही. दुसऱ्या फेरीत जागा तीच ठेवायची, बल नव्हे. वजाबाकीही एक्स, वाय, झेड घटकांची स्वतंत्र करा. एकूण बलाच्या दोन आकड्यांची केली तर दिशा बदललेली असताना उत्तर चुकतं.

जागा ‘तीच’ आहे हे ठरवणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. वू यांच्या १९९१च्या चाचण्यांत तरुण माणसांच्या एसीएलचा ताठरपणा सरासरी २४२ न्यूटन प्रति मिलिमीटर आला होता. म्हणजे ०.१ मिमीची चूक झाली की २४ न्यूटन इकडचे तिकडे. लिगामेंट कापल्यावर भार उतरतो, यंत्राची फ्रेम आणि हाडं धरणारं फिक्स्चर आधीपेक्षा कमी वाकतात; क्रॉसहेडचा (यंत्राच्या सरकत्या दांड्याचा) आकडा तोच दिसतो, सांधा मात्र सरकलेला असतो. म्हणून हाडांवरच मार्कर लावून हाडांची एकमेकांच्या संदर्भातली हालचाल मोजा. आणि काहीही कापण्याआधी अखंड सांध्यावर तीच हालचाल दोनदा करवून वजाबाकी करून बघा. उत्तर शून्याजवळ यायला हवं. जे उरेल ती तुमच्या मापनाची चूक. त्याहून लहान फरकावरून निष्कर्ष काढू नका. ही एक तपासणी सहसा कुणी करत नाही, आणि वायव्हात (तोंडी परीक्षेत) नेमकी तीच विचारली पाहिजे असं माझं मत आहे.

सळ्या तोडायला घेतलेल्या यूटीएमवर ५० किलोन्यूटनचा लोडसेल असेल तर २० न्यूटनचा फरक त्याच्या गोंगाटातच हरवतो. लहान लोडसेल मागून आणा.

बकल ट्रान्सड्यूसर, म्हणजे लिगामेंटवरच बसवून त्यातलं बल मोजणारी बकलसारखी चौकट, वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की बकल लिगामेंटला वळसा घालून आखूड करतो, म्हणजे ते आधीच थोडं ताणलेलं असतं. कॅलिब्रेशन त्याच लिगामेंटवर, चाचणी संपल्यावर बाकीचं सगळं कापून, बकल न हलवता करा.

आता नमुन्याबद्दल. एकदा गोठवून वितळवल्याने फारसं बिघडत नाही, पुन्हा पुन्हा केल्याची खात्री देता येत नाही. आणि चवथीच्या सुट्टीत वीज गेली, फ्रीझर वितळून परत गोठला, तर कळणार कसं? पेल्यात बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर तो गुडघा सरावापुरता. बाहेर कितीही दमट असलं तरी लॅबमधल्या एसीच्या झोतात लिगामेंट सुकतं. सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज गुंडाळून ठेवा. ओढण्या-सोडण्याच्या सुरुवातीच्या आवर्तनांत बल आणि हालचालीचा वक्र दर वेळी थोडा सरकतो, म्हणून दहाएक आवर्तनं होऊ द्या आणि नंतरचे आकडे घ्या.

तुटेपर्यंत ओढणार असाल तर बाजारातलं डुकराचं हाड कोवळं असतं, वाढीची चकती अजून उघडी असते. लिगामेंट शाबूत राहून हाडाचा तुकडाच उखडून येतो. तेव्हा मिळालेला कमाल भार हाडाचा आहे, एसीएलचा नाही. प्रत्येक नमुना कुठे तुटला त्याचा फोटो काढा आणि तक्त्यात भाराशेजारी तो रकाना ठेवा.