दहा अंकी संख्येचे अवयव हाताने कसे पाडावेत

२०२७६५१२८१ ही संख्या घ्या. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४३ च्या सुमारास हिचेच अवयव पाडून दाखवले होते. ‘३ पासून एकेका मूळ संख्येने भागत सुटा’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. चार हजारांहून जास्त भागाकार होतील, तेव्हा कुठे पहिला अवयव सापडेल.

किरकोळ अवयव मात्र आधी बाद करावेत. संख्या विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ३४ म्हणून ३ ने भाग जात नाही. ७, ११ आणि १३ साठी लाख-कोटींचे स्वल्पविराम विसरून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: २८१ − ६५१ + २७ − २ = −३४५. ३४५ ला तिघांपैकी एकानेही भाग जात नाही.

वर्गमूळ ४५०२९ पेक्षा किंचित जास्त, म्हणून ४५०३० चा वर्ग करून त्यातून आपली दहा अंकी संख्या वजा करा. उरतात ४९६१९. ही बाकी पूर्ण वर्ग असती तर क² − ख² = (क − ख)(क + ख) या सूत्राने काम तिथेच संपले असते. नाही, तर ४५०३१ कडे वळा. पण पुन्हा वर्ग करत बसू नका, बाकीत ९००६१ मिळवा. मग ९००६३, मग ९००६५, दर वेळी दोनने जास्त.

खरी कसोटी पुढे आहे: आलेली बाकी पूर्ण वर्ग आहे का? सुरुवातीला माझी सगळी दमछाक इथेच व्हायची, कारण मी प्रत्येक बाकीचे वर्गमूळ काढायचो. तसे अजिबात करू नका. शेवटचे दोन अंक बघा. २, ३, ७, ८ ने संपणारी संख्या वर्ग नसते. शेवटी १, ४ किंवा ९ असेल तर दशकाचा अंक सम हवा, ६ असेल तर विषम. ५ असेल तर २५ च हवेत, शून्य असेल तर दोन शून्ये.

आता बाक्या पाहा: ४९६१९, १३९६८०, २२९७४३, ३१९८०८, ४०९८७५. सगळ्या नुसत्या नजरेने बाद. सहावी ४९९९४४ मात्र चाळणीतून सुटते, आणि घाईत माणूस नेमका हिच्यावर भाळतो. तिच्या अंकांची बेरीज करा: ३९, मग १२, मग ३. पूर्ण वर्गाची अशी बेरीज १, ४, ७ किंवा ९ च येते. बाद! दोन्ही चाळण्या लावल्याशिवाय वर्गमूळाला हात लावायचा नाही, हा माझा नियम.

पुढच्या पाचही पहिल्याच चाळणीत अडकतात. बारावी बाकी १०४०४००, म्हणजे १०२० चा वर्ग. तेव्हा आपण ४५०४१ वर असतो. अवयव: ४५०४१ − १०२० = ४४०२१ आणि ४५०४१ + १०२० = ४६०६१. दोन्ही मूळ.

अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही रीत वापरा. ४२९४९६७२९७ वर ती चालवाल तर बत्तीस लाखांहून जास्त पायऱ्या चढाल. ही संख्या मूळ आहे असे खुद्द फर्माला वाटत होते. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये तिचा ६४१ हा अवयव दाखवला. तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो, त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पुढचा ६४१ च. अशा संख्येला भागाकारच बरा.