पऱ्हाटी जाळायची नाही, हे सगळ्यांनी मिळून कसं ठरवायचं

मार्च लागला की आमच्या कळंब तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात, संध्याकाळी धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर, धूर दिसतो. उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग पेटलेले असतात. मी इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम पाहते. गेली पाच वर्षं माझं सगळं लक्ष या एका गोष्टीवर आहे: पऱ्हाटी जळू नये, बारीक होऊन त्याच मातीत जावी. हे एकट्या शेतकऱ्याचं काम नाही. त्यासाठी जिनिंगवाले (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखानदार), कृषी विज्ञान केंद्र, एखादी सामाजिक संस्था, सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी देणारी कंपनी आणि ग्रामपंचायत अशी मंडळी एकत्र बसवावी लागतात. ती कशी बसवायची, ते माझ्या अनुभवातून सांगते.

पहिल्या बैठकीत ‘रिजनरेटिव्ह शेती’, म्हणजे मातीचा कस परत आणणारी शेती, हा विषय ठेवू नका. मी ठेवला होता आणि दोन तास वाद झाला. सेंद्रियवाल्यांचं म्हणणं, रसायनाचा थेंबही नको. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा रिजनरेटिव्ह तंत्र पाहून आलेला शेतकरी म्हणाला, नांगर बंद, गादीवाफे कायम ठेवायचे, मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि तणाला तणनाशक चालेल. सरकारच्या नैसर्गिक शेतीत तणनाशक चालत नाही. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी खरं होतं, पण त्यावर एकत्र काम सुरू होत नाही. म्हणून सगळ्यांना मान्य होईल असं एकच काम निवडा. आमच्याकडे ते पऱ्हाटी होतं. तुमच्याकडे उसाचं पाचट असेल किंवा तलावातला गाळ असेल.

मग बैठकीआधी प्रत्येकाकडे स्वतः जा आणि त्याची अडचण विचारा. आपलं म्हणणं नंतर. शेतकऱ्याला उपटणीची मजुरी जड जाते आणि मजूर मिळत नाहीत. जिनिंगवाल्याला गुलाबी बोंडअळी नको असते. २०१७ सालचा हंगाम इथे कोणी विसरलेलं नाही. अळी लागली की कवडी (डागी, किडका कापूस) वाढते आणि रुईची प्रत घसरते. फरदड राखली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कापूस शेतात उभा ठेवला, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाणं मिळत राहतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, असं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत आली आहे. म्हणजे श्रेडर (पऱ्हाटी बारीक करणारं यंत्र) लवकर फिरला तर शेतकऱ्याची मजुरी वाचते, जिनिंगवाल्याची अळी कमी होते आणि मातीला काडीकचरा मिळतो. ही गाठ सापडल्याशिवाय कोणालाही पत्र लिहू नका.

एक गोष्ट माझ्याकडून सुटली होती. आमच्या गावात शेत नसलेल्या बायकांची चूल पऱ्हाटीवर चालते. श्रेडर पहिल्यांदा शेतात फिरला तेव्हा एक आजी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, “बाई, तुमच्या मातीले खाऊ घालता, मंग आमी काय जाळाव?” मी त्या रात्री झोपले नाही. गॅसची टाकी घरात आहे, पण ती दर महिन्याला भरणं त्यांना परवडत नाही. आता आमच्या कागदावर लिहिलेलं आहे की धुऱ्यालगतची चार तासं, म्हणजे चार ओळी, सरपणासाठी सोडायची आणि ती कोणी न्यायची हे महिला बचत गट ठरवेल. मेंढपाळांनाही बैठकीला बोलवा. वेचणी संपल्यावर मेंढ्या शेतात सोडल्या की राहिलेली हिरवी बोंडं आणि पाला त्या खातात, त्यातल्या अळ्याही जातात आणि लेंडी फुकट पडते. हे लोक कोणत्याच खात्याच्या यादीत नसतात, पण त्यांना वगळून ठरवलेलं गावात टिकत नाही.

आता पैशाचं सांगते, कारण बहुतेक गट इथेच अडकतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण शेतकरी उत्पादक कंपनीला हे काम राबवणारी संस्था म्हणून तो निधी थेट घेता येत नाही. त्यासाठी १२ए, ८०जी (या दोन्ही आयकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचं काम घेण्यासाठीची सरकारी) नोंदणी असलेला ट्रस्ट किंवा सोसायटी सोबत लागते. तिला अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही हवा. ही संस्था आधी शोधा. तिचे हिशोब पाहा, ती गावात मुक्कामाला येते का ते पाहा.

आमची पहिली चूक तारखेची होती. एका कंपनीने निधी मंजूर केला, पण पैसे सुटले मार्चअखेरीस. श्रेडर गावात आला एप्रिलमध्ये. तोवर पऱ्हाटी जळून राख झाली होती. लोक येऊन यंत्राला हात लावून गेले, बोललं कोणी नाही. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत सांगते की आमचं वर्ष जूनला सुरू होतं आणि हे काम डिसेंबर-जानेवारीचं आहे. अर्जात प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून, एकापेक्षा जास्त वर्षांचा मागा. मग ३१ मार्चला उरलेला पैसा कंपनीला ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येतो आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. घाईघाईने मार्चमध्ये खरेदी करायची वेळ येत नाही. यंत्र कोणाच्या नावावर राहणार, तेही त्याच दिवशी लिहून घ्या. देणाऱ्या कंपनीला ते स्वतःकडे ठेवता येत नाही. लाभार्थ्यांच्या गटाच्या, नोंदणीकृत संस्थेच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर ते असावं लागतं. आमचं बचत गटांच्या संघाच्या नावावर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

कृषी विज्ञान केंद्राला फक्त उद्घाटनाला बोलवू नका, शेतात आणा. पहिल्यांदा बारीक केलेली पऱ्हाटी आम्ही कोरड्या मातीत मिसळली आणि जूनमध्ये पेरलं. माझ्याच शेतात सोयाबीन सुरुवातीला पिवळं पडलं. लाकडी काडी कुजताना मातीतलं नत्र ओढून घेते, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी रोप हातात धरून समजावलं. आता आम्ही चुऱ्यावर शेणकाला आणि कुजवणारं जिवाणू खत टाकतो, ओल मिळेल तिथे एक पाणी देतो आणि पेरताना सुरुवातीच्या नत्राची काळजी घेतो. अळी लागलेली, न उमललेली बोंडं श्रेडर फिरण्याआधी वेचून नष्ट करायची, हेही तेव्हाच ठरलं.

मोजमाप सगळ्यांसमोर करा. वेचणी संपल्यावर, खत टाकण्याआधी, शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. धुरा, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळायचा. माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. अहवालात सेंद्रिय कर्ब पाहा. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर माती उपाशी आहे. हा आकडा सावकाश हलतो, एका वर्षात वाढला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

लोकांना पटतं ते डब्याचं. दोन्ही बाजूंनी कापलेला तेलाचा डबा जमिनीत चार बोटं ठोकायचा, त्यात एक लिटर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. आमच्या गावात आधी धुऱ्यावर लावला, जिथे कधी नांगर गेला नाही. मग पाच पावलांवर शेतात. धुऱ्यावरचं पाणी बोलता बोलता आत गेलं, शेतातलं डब्यात तसंच उभं. जिनिंगचे मालक उकिडवे बसून पाहत होते. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी एक पान लिहा, मराठीत, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कोण काय देणार, कोणत्या तारखेला, आणि नाही दिलं तर कोणाला फोन करायचा. आमच्या पानावर डिझेल शेतकऱ्याचं, चालकाचा रोज जिनिंगचा, दुरुस्ती भाड्यातून साठलेल्या रकमेतून, मातीचे नमुने सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि बचत गटाने मिळून काढायचे. श्रेडरचा क्रम चिठ्ठीने निघतो, पण दोन एकरांच्या आतल्यांचा आधी. यंदा चिठ्ठ्या काढायच्या आहेत दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत, पहिली वेचणी घरात येण्याच्या सुमारास.