पॉलिॲक्रिलामाइडचं हायड्रोलिसिस: कणा शाबूत ठेवून

आमच्या दादरच्या लॅबमध्ये एमएस्सीची मुलं पॉलिमरमधल्या अमाइड गटाचं आम्ल करण्याच्या (म्हणजे हायड्रोलिसिसच्या) प्रोजेक्टला आली की विचारतात, ‘सर, नायलॉन घेऊ का? त्यातही अमाइडच आहे.’ नायलॉन नको. त्याच्या साखळीच्या कण्यातच अमाइड असतं. ते फुटलं की साखळीचे तुकडे पडतात. पॉलिॲक्रिलामाइडमध्ये अमाइड बाजूला लटकलेलं असतं, त्यामुळे त्याचं आम्ल झालं तरी कणा टिकतो.

एक लिटर डिस्टिल्ड पाणी ढवळत ठेवा आणि भोवऱ्याच्या कडेला पॉलिॲक्रिलामाइडची 10 ग्रॅम पावडर चिमटीचिमटीने भुरभुरवा. एकदम ओतलीत तर वरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या विरघळता विरघळत नाहीत. पावडर भिजली की वेग कमी करा, जोरात ढवळल्याने लांब साखळ्या तुटतात. रात्रभर मुरू द्या. हातमोजे घालाच, पावडरीत उरलेला ॲक्रिलामाइड मोनोमर (साखळीचा सुटा घटक) मज्जासंस्थेला घातक असतो.

मग कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्कली. 10 ग्रॅममध्ये साधारण 0.14 मोल अमाइड गट असतात. त्यातले 30 टक्के बदलायचे तर सोडियम हायड्रॉक्साइड 1.7 ग्रॅम लागतं. पण मुंबईच्या पावसाळ्यात तराजूवर विसंबू नका. बाटली उघडी राहिली की गोळ्यांना बघता बघता पाणी सुटतं, हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या ओढून घेतात. द्रावण करा, टायट्रेशनने (माहीत तीव्रतेच्या आम्लाशी मोजून) त्याची तीव्रता ठरवा आणि मगच मोजून घाला.

फ्यूम हूडमध्ये 70 अंशांच्या वॉटर बाथवर ठेवा. भांड्याच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरला की निळा होतो: अमोनिया सुटतोय, काम चालू आहे.

अल्कली कितीही वाढवलं तरी गाडी 70 टक्क्यांच्या आसपास अडते. दोन्ही बाजूंचे शेजारी गट कार्बोक्सिलेट (आम्लाचं ऋणभारित रूप) झाले की त्यांचा ऋणभार हायड्रॉक्साइडला मधल्या अमाइडजवळ फिरकूच देत नाही. मुलं इथे तापमान वाढवत बसतात. माझं ऐका, शंभर टक्के आम्लच हवं असेल तर ॲक्रिलिक आम्लापासूनच पॉलिमर बनवा.

थंड झाल्यावर मिथेनॉलमध्ये बारीक धारेने ओता, पॉलिमरचा सोडियम क्षार पांढऱ्या तंतूंसारखा खाली येतो. आम्लरूप हवं असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 3 च्या खाली आणून डायलिसिस करा (बारीक छिद्रांच्या पडद्यातून सुटे क्षार बाहेर काढा). सोडियम क्षाराच्या एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) 1660 cm⁻¹ चा अमाइडचा पट्टा खचलेला आणि 1560 जवळ कार्बोक्सिलेटचा नवा उठलेला दिसायला हवा. नेमकी टक्केवारी मात्र टायट्रेशननेच काढा.