घशाच्या गाठीवर पी१६ : काच कशी करायची, कशी वाचायची

मागणीपत्र हातात आलं की आधी तुकडा नेमका कुठून घेतलाय ते बघा. पी१६ या प्रथिनावरून रुग्णाचं पुढे कसं होईल याचा भरवशाचा अंदाज येतो तो टॉन्सिल, जिभेचं मूळ, मऊ टाळू आणि तिथली घशाची भिंत एवढ्याच भागातल्या स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) कॅन्सरमध्ये. गाल, हिरडी इथल्या गाठींना (आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे याच फार) ही चाचणी सरसकट लावू नका. ‘जिभेची गाठ’ एवढंच लिहिलं असेल तर सर्जनला फोन करा. जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग तोंडात मोडतो, मागचा एक तृतीयांश घशात.

घशातल्या काही गाठी एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. त्याचं ई७ प्रथिन पेशीची वाढ आवरणाऱ्या आरबी या प्रथिनाला निकामी करतं. आरबीचा लगाम सुटला की पी१६ भरमसाट साचतं. आपण एचपीव्हीची खूण म्हणून रंगवतो ते हेच.

तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं, आणि तुकडा त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहावा. ३ ते ४ मायक्रॉनचे काप चार्ज्ड (काप घट्ट धरणाऱ्या, भारित) काचांवरच घ्या, साध्या काचेवरचा काप उकळताना सुटतो. मेण काढून झालं की पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीए द्रावणात ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं ठेवा आणि त्याच भांड्यात २० मिनिटं निवू द्या. मग ३ टक्के पेरॉक्साइड १० मिनिटं. पी१६ ला चिकटणारी अँटिबॉडी ई६एच४ क्लोनची (वाणाची) घ्या. प्रमाण आणि वेळ तिच्या पत्रकाप्रमाणे. मग डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) ५ मिनिटं. हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकाचा निळा रंग) फिकंच ठेवा, गडद झालं तर केंद्रकातला तपकिरी रंग झाकला जातो. मधे काप कोरडा पडला की कडा उगाच तपकिरी होतात. त्या कडा मोजू नका. प्रत्येक खेपेला खात्रीच्या पॉझिटिव्ह गाठीचा कंट्रोल (तुलनेचा काप) लावा.

वाचताना केंद्रक आणि पेशीद्रव दोन्ही रंगलेले हवेत, रंग मध्यम ते गडद हवा आणि अशा पेशी गाठीत ७० टक्के किंवा जास्त हव्यात. नुसतं पेशीद्रव रंगलं असेल तर निगेटिव्ह. सगळ्यात जास्त फसगत टॉन्सिलच्या खळग्यांतल्या निरोगी आवरणामुळे होते. तेही ठिपक्याठिपक्यांनी रंगतं आणि बारीक बायोप्सीत गाठीसारखं दिसतं, म्हणून शेजारी त्याच तुकड्याची एच अँड ई (नेहमीच्या रंगाची) काच ठेवूनच मोजा. सुईने काढलेल्या पेशींना ७० टक्क्यांची रेघ जशीच्या तशी लावू नका.

अहवालात जागा, क्लोन, टक्केवारी आणि निकाल हे चारही लिहा. निकालातल्या पॉझिटिव्ह की निगेटिव्ह या एका शब्दावर स्टेज फिरते. टॉन्सिलची २ सेंटिमीटरची गाठ, त्याच बाजूला ६ सेंटिमीटरपेक्षा लहान, आवरण न फोडलेल्या, कॅन्सर पोचलेल्या दोन-तीन लसिकाग्रंथी : एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) आठव्या आवृत्तीप्रमाणे पी१६ पॉझिटिव्ह असेल तर स्टेज १, निगेटिव्ह असेल तर ४ए. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी ०१२९ या उपचार-चाचणीच्या विश्लेषणात एचपीव्ही-पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ८२.४ टक्के तीन वर्षांनी हयात होते, निगेटिव्हपैकी ५७.१ टक्के.

स्टेज १ वाचून रुग्णाचे नातेवाईक ‘मग उपचार कमी करा ना’ म्हणतात. तसं करता येत नाही, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य समजलं जाणारं औषध देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत जगण्याचं प्रमाण घटलं होतं.