७९ अक्षरांची ओळ: जुन्या धाटणीचं गेम-गाइड मराठीत कसं लिहावं

गेम कसा पार करायचा ते सांगणारं जुनं गाइड म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. फोटो नाही, व्हिडिओ नाही, ठळक अक्षरंसुद्धा नाहीत. सगळ्यात वर तिरक्या-आडव्या रेघा जोडून काढलेलं गेमचं नाव, खाली आवृत्तीचा क्रमांक, मग अनुक्रमणिका आणि त्यानंतर हजारो ओळी. मध्येच लेखक एखाद्या बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूला, चार शिव्या घालतो, शेवटी आईचे आभार मानतो आणि त्याहून लांब कायदेशीर इशारा देतो. १९९५ साली सुरू झालेल्या गेमफॅक्स या साइटवर अशी गाइड्स ढिगाने आहेत. त्यातल्या जवळपास प्रत्येक तऱ्हेवाईक गोष्टीमागे एखादी खरीखुरी अडचण होती. ती अडचण कळली की तसं गाइड आजही लिहिता येतं. मराठीत मात्र काही ठिकाणी वेगळी वाट काढावी लागते.

आधी गेमची प्रत पक्की करा

'काँट्राचं गाइड' एवढं म्हणून भागत नाही. १९८८ साली निन्टेंडोवर आलेला अमेरिकन काँट्रा वेगळा. फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी यंत्रावरच्या प्रतीत स्टेजच्या मध्ये नकाशे आणि जास्तीची दृश्यं आहेत, आणि युरोपात हाच गेम 'प्रोबोटेक्टर' नावाने माणसांच्या जागी रोबो घालून विकला गेला. आपल्याकडच्या '९९ इन वन' छापाच्या कॅसेटींचं तर सोडूनच द्या, तिथे एकच गेम तीन-चार नावांनी यादीत असायचा.

हा फरक किती महागात पडतो ते फायनल फँटसी १२ मध्ये दिसतं. २००६ च्या प्लेस्टेशन २ च्या प्रतीत झोडिएक स्पिअर हा भाला हवा असेल तर चार ठरावीक पेट्या उघडायच्याच नाहीत. त्यातली एक लोटाउनमध्ये, ओल्ड डालनच्या घराबाहेर, म्हणजे गेमच्या अगदी सुरुवातीला. गेम याबद्दल अवाक्षर काढत नाही. पुढे सुधारून निघालेल्या प्रतींत, २०१७ च्या 'झोडिएक एज'मध्येही, ही अटच नाही. म्हणजे एका प्रतीसाठी जीव की प्राण असलेली सूचना दुसरीत नुसता काथ्याकूट. म्हणून पहिल्या दहा ओळींत लिहा: गेमचं पूर्ण नाव, यंत्र, देश किंवा विभाग, साल आणि मोबाइल-पीसीचा गेम असेल तर आवृत्तीचा क्रमांक.

खेळताना काय टिपायचं

पहिल्यांदा वही न घेता खेळून घ्या. दुसऱ्यांदा नव्याने सुरू करा आणि प्रत्येक जागेसाठी चार गोष्टी लिहा: कुठून आत आलात, तिथे काय मिळतं, ते कशाने उघडतं आणि कधी कायमचं बंद होतं. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि वाचक नेमका तिच्यासाठीच आलेला असतो. प्रत्येक मोठ्या वळणाआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह ठेवा, एकाच स्लॉटवर पुन्हा पुन्हा नको. शंका आली तर तपासायला परत जाता आलं पाहिजे.

ऐकीव गोष्टी वेगळ्या पानावर. पोकेमॉन रेड-ब्लूमध्ये व्हर्मिलियन बंदराजवळ खरोखर एक ट्रक उभा आहे, पण त्याखाली अफवेतला म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन नाही. उलट सिनाबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहत 'मिसिंगनो' (गेममधल्या बिघाडातून उगवणारा पोकेमॉन) भेटवायची आणि पिशवीतली सहावी वस्तू १२८ ने वाढवायची युक्ती ऐकायला थाप वाटते, पण खरी आहे. दोन्हींतला फरक स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. जे तुम्ही केलं नाही त्यापुढे सरळ 'तपासलेलं नाही' असं लिहा.

फाइल तयार करणं

जुन्या गाइडची ओळ ७९ अक्षरांवर तुटते. टर्मिनलच्या पडद्याची रुंदी ८० अक्षरांची होती, आणि ती त्याही आधीच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डांवरून आलेली. बरोबर ८० अक्षरं भरली की काही पडदे आपणहून खालच्या ओळीवर जात, त्यात फाइलमधली ओळ-तोड मिळाली की मध्ये रिकामी ओळ दिसे. एक अक्षर सोडलं की कटकट मिटली.

नोटपॅड किंवा तसलंच साधं एडिटर घ्या. वर्ड नको, तो सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतो आणि दोन उणेचिन्हांची एक लांब रेघ. वर्ड रॅप (ओळ आपोआप खाली वळवणं) बंद ठेवा. फॉन्ट असा घ्या की ज्यात प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं असतं, कुरिअर किंवा कन्सोलास. टॅबचं बटण विसरून जा: एका एडिटरमध्ये टॅब आठ घरं सरकतो, दुसऱ्यात चार, आणि तुमचा नकाशा वाचकाकडे चुरगळलेला पोहोचतो. मोकळी जागा स्पेसबारनेच टाका.

फाइलचा आकार हीसुद्धा अडचण होती. विंडोज ९५ आणि ९८ मधलं नोटपॅड ६४ केबीपेक्षा मोठी फाइल उघडत नसे. ७९ अक्षरं आणि ओळ संपवणारी दोन, अशी ८१ बाइटची ओळ धरली तर साधारण ८०० ओळींत मामला संपतो. त्यापुढच्या गाइडसाठी वर्डपॅड उघडावं लागे. आज ही मर्यादा नाही, पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा फाइल अपेक्षेपेक्षा बरीच मोठी दिसली तर घाबरू नका. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, एवढं मात्र बघा. एएनएसआय हे जुनं एन्कोडिंग राहिलं तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि फाइल बंद केल्यावर ती परत येत नाहीत.

मराठीची खरी गोम

कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरं नसतात. एडिटर ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतो आणि त्या फॉन्टमध्ये रुंदी सारखी नसते. शिवाय 'क्षि' मोजायला चार चिन्हं आहेत (क, हलन्त, ष, वेलांटी) पण दिसायला एकच अक्षर. त्यामुळे ७९ चा हिशेब मराठीत लागत नाही, लावूही नका. दहा-बारा शब्दांवर, वाक्याचा अर्थ तुटणार नाही अशा जागी, हाताने ओळ तोडा.

तक्त्यांमध्ये आकडे आधी आणि मराठी शब्द सगळ्यात शेवटी ठेवा. उजवी कड वेडीवाकडी झाली तरी कोणाचं अडत नाही. पोकेमॉन रेड-ब्लूच्या दुकानातले भाव असे:

    ३००   पोशन
    ७००   सुपर पोशन
    १००   अँटिडोट
    २००   पोके बॉल

नकाशात मराठी अक्षर अजिबात नको. फक्त चिन्हं, आणि त्यांचा अर्थ खाली:

    ###############
    #....#........#
    #.$..+....@...#
    #....#........#
    ####.#####+####
       #.#   #.#
       #.#####.#
       #.......#
       ####^####

    # भिंत   . मोकळी जागा   + दार
    $ पेटी   @ पहारेकरी   ^ जिना, इथून तुम्ही येता

'इथून तुम्ही येता' हे नकाशावर असलंच पाहिजे. ते नसेल तर वाचकाला नकाशा कुठल्या बाजूने धरायचा हेच कळत नाही. वरच्या नकाशात डाव्या वाटेने गेलं तर पहारेकऱ्याशी गाठ न पडता पेटी मिळते. ही गोष्ट नकाशाखाली एका ओळीत लिहून टाका, वाचक ती स्वतः शोधेल या भरवशावर राहू नका.

शोधायचे कोड

जुन्या गाइडमध्ये अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रकरणापुढे कंसात चार-पाच अक्षरांचा विचित्र कोड असतो. पानांचे क्रमांक नाहीत, लिंक नाहीत, तेव्हा वाचक कंट्रोल-एफ दाबून तो कोड टाकतो आणि थेट मुक्कामावर उतरतो. कोड फाइलभर फक्त दोनदाच यायला हवा: एकदा अनुक्रमणिकेत, एकदा प्रकरणाच्या डोक्यावर. तिसऱ्यांदा आला की शोध भरकटला.

    [०३०१] बंदर
    [०३०२] बोगदा
    [०९००] कायमच्या हुकणाऱ्या वस्तू

प्रत्यक्ष फाइलमध्ये हे आकडे इंग्रजी टाका. फोनच्या कीबोर्डवर बहुतेकांना तेच चटकन मिळतात, आणि देवनागरी ३ शोधला तर बहुतेक एडिटरना इंग्रजी तीन सापडत नाही. कोड कंसासकट शोधायला सांगा. नुसते आकडे शोधले तर एखाद्या बॉसची शक्तीही हाताला लागेल.

मराठी शब्दच कोड म्हणून वापरायचा मोह टाळा. 'पायऱ्या' हा शब्द कीबोर्डवर दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधताना एक टाकला की दुसरा सहसा सापडत नाही. 'दुसऱ्या', 'किनाऱ्या', 'पहारेकऱ्या' यांचंही तेच. निदान संपूर्ण फाइल एकाच कीबोर्डने लिहा.

वाट सांगण्याची भाषा

'उजवीकडे जा' ही सूचना कॅमेरा फिरणाऱ्या गेममध्ये कुचकामी. नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली असेल तर दिशा सांगा, नसेल तर 'जिन्याकडे पाठ करून डावीकडचं दार' असं एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवरून सांगा. एका वाक्यात एकच काम. बटणांची नावं सुरुवातीला ठरवा आणि मग बदलू नका. 'कृतीचं बटण' म्हटलंत तर शेवटपर्यंत तेच.

मारामारीच्या गेममध्ये आकड्यांची पद्धत सगळ्यात सुटसुटीत. कीबोर्डच्या उजवीकडचा नंबरपॅड डोळ्यांसमोर आणा: ५ म्हणजे मोकळी काठी (जॉयस्टिक), २ खाली, ६ पुढे, ३ तिरकी खाली-पुढे. स्ट्रीट फायटर २ मधला हादोकेन हा डाव मग २३६ आणि पंच, शोर्युकेन ६२३ आणि पंच. हे सगळं खेळाडू उजवीकडे तोंड करून उभा आहे असं धरून. ते वाक्य लिहायला विसरलात तर निम्मे वाचक उजव्या बाजूला उभे राहून तुमच्या नावाने बोटं मोडतील.

काँट्राच्या ३० जिवांचा कोड सांगतानाही नुसता क्रम पुरत नाही. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए, स्टार्ट हे शीर्षकाच्या पडद्यावर दाबायचं असतं, आणि दोघं खेळणार असतील तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. कधी दाबायचं हे न लिहिल्यामुळेच 'कोड चालत नाही' अशी बोंब होते.

पुढची गोष्ट फोडायची असेल तर आधी इशारा आणि मग पंचवीस-तीस रिकाम्या ओळी. कायमच्या हुकणाऱ्या वस्तूंची यादी मात्र वॉकथ्रूच्या (टप्प्याटप्प्याने वाट सांगणाऱ्या भागाच्या) आधी, आणि त्यात कथेतलं काही न सांगता फक्त जागा आणि 'इथे हात लावू नका' एवढंच.

मतं, इशारे, आभार

लेखकाचा स्वभाव दिसलाच पाहिजे, नाहीतर ही गाइड्स वाचायची कशाला? पण आधी सूचना, मग टोमणा. व्हाइस सिटी या गेममधलं 'डिमॉलिशन मॅन' हे मिशन घ्या. छोटं रिमोट हेलिकॉप्टर, चार बॉम्ब, बांधकामाच्या चार मजल्यांवर एकेक, वर घड्याळाची टिकटिक. हेलिकॉप्टर नंबरपॅडवरून कसं कलवायचं ते आधी सांगा, पाती फिरवून कामगारांना लोळवता येतं तेही सांगा, आणि मग हे मिशन ज्याला सुचलं त्याच्याबद्दल काय वाटतं ते एका ओळीत लिहा. दोन ओळी झाल्या की अडकलेला माणूस चिडतो. सायबर कॅफेत चिठ्ठीवर लिहून नेलेले चीट-कोड याच मिशनच्या चिडीतून आले असावेत. पॅन्झर टाइप करून रणगाडा मिळे खरा, पण बॉम्ब ठेवायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

कायदेशीर इशारा लांबलचक असायचा, कारण लोकांची गाइड्स नाव खोडून दुसरीकडे छापली, विकली जात. तुम्हाला तीन ओळी पुरतात: कोणी लिहिलं, फुकट वाटायला हरकत आहे की नाही, आणि ताजी प्रत कुठे मिळेल. ज्याने एखादी चूक दाखवली त्याचं टोपणनाव आभारांत, आणि काय दाखवलं तेही. गेमचं नाव रेघांनी सजवायला फिगलेट हे १९९१ पासूनचं छोटं सॉफ्टवेअर आहे, पण ते इंग्रजी अक्षरांसाठी. मराठी नाव हाताने काढत बसण्यात अर्थ नाही, वर-खाली बरोबर-चिन्हांच्या (=) दोन रेघा पुरेत.

शेवटी 'गाइड समाप्त' अशी एक ओळ टाका. डाउनलोड अर्ध्यात तुटलं तर ती ओळ दिसत नाही आणि वाचकाला कळतं की खाली अजून काही आहे.

बाहेर देण्याआधी

गेम कधीच न खेळलेल्या माणसाला फाइल द्या, त्याच्या मागे बसा आणि तोंड उघडू नका. तो जिथे मागे वळून तुमच्याकडे बघेल तिथे एक ओळ कमी आहे. फोनवरही उघडून पाहा: उभ्या पडद्यावर रुंद नकाशे हमखास मोडतात, म्हणून अनुक्रमणिकेच्या वरच 'फोन आडवा धरा' असं लिहिलेलं बरं. छापायचं असेल तर कुरिअर १० पॉइंट घ्या, त्यात इंचाला १२ अक्षरं बसतात आणि ७९ अक्षरांचा नकाशा ए-४ कागदावर दोन्ही बाजूंना पाऊण इंचाहून जास्त समास सोडून येतो. १२ पॉइंटला इंचाला दहाच अक्षरं, म्हणजे ७.९ इंच, आणि बहुतेक प्रिंटर कडेची भिंत खाऊन टाकतात.

पहिल्या प्रतीला ०.९ म्हणा. वाचकांच्या दुरुस्त्या आल्या की १.०, मग १.१, आणि प्रत्येक आकड्यापुढे तारीख आणि नेमका बदल: 'बोगद्यातली दुसरी पेटी डावीकडे, आधी उजवीकडे छापलं होतं'. नुसतं 'किरकोळ सुधारणा' लिहिलंत तर जुनी प्रत असलेल्याला पुन्हा सगळं वाचावं लागेल.