वूस्टरची लढाई अभ्यासताना

राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या इंग्लंडच्या यादवी युद्धांकडे मी वळले ती मुंबईमुळे. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगीजांनी ज्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण दिली, तो त्याआधी दहा वर्षे वूस्टरला हरून वेष पालटत सहा आठवडे रानोमाळ लपत होता, हे मला एम.ए.च्या वर्गात कळले आणि ३ सप्टेंबर १६५१ ची त्या युद्धांतली ती अखेरची लढाई मी निबंधासाठी निवडली. नावाचा उच्चार मी ‘वॉर्सेस्टर’ असा करत असे, हे सोडून द्या. खरी चूक निबंधाच्या पहिल्याच वाक्यात होती. ‘राजाचे इंग्रज आणि पार्लमेंटचे इंग्रज’ असे मी लिहिले होते, आणि सरांनी समासात एवढेच विचारले होते, ‘राजाचे सैनिक कोठले?’

ते बहुतांशी स्कॉटिश होते. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर स्कॉटलंडने त्याच्या मुलाला राजा मानले, डनबारच्या लढाईत हार पत्करूनही १६५१ च्या आरंभी स्कोन येथे त्याला राज्याभिषेक केला, आणि त्याच उन्हाळ्यात तो दक्षिणेकडे निघाला, तो वाटेत इंग्लंडमधील राजनिष्ठ उठतील या भरवशावर. फारसे कोणी उठले नाही, कारण लोकांच्या लेखी ही परक्यांची स्वारी होती. त्यामुळे त्याच्या जेमतेम सोळा हजारांसमोर पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याचे सुमारे अठ्ठावीस हजार उभे ठाकले. हे समजून घेतल्याशिवाय लढाईच्या दिवसाकडे वळू नये.

त्यानंतर पुस्तक मिटून कागदावर नकाशा काढावा, आणि तो स्वतःच्या हाताने काढावा. सेव्हर्न नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, शहर तिच्या पूर्व तीरावर आहे, आणि शहराच्या दक्षिणेला पश्चिमेकडून येणारी टीम नदी तिला मिळते. राजपक्षाने पूल मोडले होते. पण अप्टनच्या मोडक्या पुलावर राहिलेल्या फळीवरून क्रॉमवेलचा सेनाधिकारी लॅम्बर्ट याची माणसे २८ ऑगस्टला पलीकडे गेली आणि पश्चिम तीर खुला झाला. लढाईच्या दिवशी क्रॉमवेलचा दुसरा सेनाधिकारी फ्लीटवुड त्या तीराने वर सरकला, संगमाजवळ दोन्ही नद्यांवर होड्यांचे पूल बांधले गेले, आणि त्याच्या मदतीसाठी क्रॉमवेल स्वतः सेव्हर्न ओलांडून गेला. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून चार्ल्सला क्रॉमवेलची पूर्वेची फळी विरळ झालेली दिसली आणि त्याने रेड हिल व पेरी वुडवर चाल केली. मी दोन महिने या चालीला अविचार म्हणत होते. नकाशावर होड्यांचा पूल काढला तेव्हा कुठे उमगले की चाल योग्यच होती. फक्त ज्या पुलाने क्रॉमवेल गेला होता, त्याच पुलाने तो वेळेत परतला. राजपक्षाचा फोर्ट रॉयल हा किल्ला पडल्यावर तेथील तोफा शहराकडेच वळवण्यात आल्या.

मूळ साधनांत क्रॉमवेलने पार्लमेंटचा सभापती लेंथॉल याला लिहिलेली दोन पत्रे आधी वाचावीत. पहिले त्याच रात्री दहा वाजता लिहिलेले असून, थकव्यामुळे लिहवत नाही, अशी कबुली त्यात आहे. दुसऱ्या दिवशीच्या पत्रात मात्र हा विजय ईश्वरी कृपेचा कळस ठरतो. या दोन्ही पत्रांतील स्वर शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

तारखांबाबत शिवकालाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. इंग्लंड तेव्हा ज्युलियन पंचांग पाळत होते, म्हणजे युरोपच्या बऱ्याच भागांत लढाईच्या दिवशी १३ सप्टेंबर होता; शिवाय इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने राजाच्या शिरच्छेदाचे साल तत्कालीन कागदांत १६४८ असे आढळते. माझ्या टिपणांत त्यामुळे एक अख्खे वर्ष सरकले होते.

राजपक्षाचे सुमारे तीन हजार मेले आणि दहा हजारांच्या आसपास पकडले गेले. या कैद्यांपैकी सुमारे २७० जणांना ‘जॉन अँड सारा’ जहाजातून बोस्टनला पाठवण्यात आले, आणि त्यांची यादी उपलब्ध आहे. स्कॉटिश नावे इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी उतरवलेली असल्यामुळे ती मोठ्याने वाचली तरच ओळखू येतात. मी ती ग्रंथालयाच्या जिन्यात बसून वाचली, आणि प्रबंधिकेचा विषय लढाईऐवजी हे कैदी असा बदलून घेतला.