मालवणजवळच्या देवबागेत उन्हाळ्यात गरवायला, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे पकडायला येताय?

एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात. "काका, शनिवारी होडी मोकळी आहे का?" मी उलट विचारतो, शनिवारी तिथी कोणती? समोरचा गप्प. सुट्टी तुमची, पण पाणी तिथीचं असतं. म्हणून होडी ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा.

हिशेब सोपा आहे. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण देवबागेत हा आडाखा चालतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता कुठल्या तिथीला काय करायचं ते सांगतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान. पाण्याला ओढ कमी, त्यामुळे वजनासाठी दोराला बांधलेलं शिसं सरळ तळाला जातं. खडपावरच्या (पाण्याखालच्या खडकावरच्या) तांबोशी, गोबरा या माशांसाठी हे दिवस. माझी आवडती तिथी दशमी. पाचला निघायचं, भरतीचे शेवटचे दोन तास खडपावर काढायचे, पाणी थांबून फिरतं तेव्हा मासा आमिष घेतो. पुनवेला आणि अवसेला उधाण. तेव्हा तळाला गरी टिकत नाही, तंगूस (नायलॉनचा दोर) तिरका जातो, खडपात अडकून शिसं आणि गरी दोन्ही जातात. उधाणाच्या दिवशी होडी चालती ठेवून मागे नकली मासे ओढावेत.

वाऱ्याचं गणित याहून साधं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र तेल ओतल्यासारखा. अकराच्या सुमारास खारा वारा सुटतो आणि दुपारी लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागतात. त्यामुळे "नाश्ता करून नऊला निघू" म्हणणाऱ्यांना मी सरळ डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत बसायला सांगतो.

हंगामाचा शेवटही ध्यानात ठेवा. पर्यटकांच्या होड्या 25 मेपर्यंत. यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी. पण मेच्या मध्यापासूनच बाहेरून लांब, जाड लाटा यायला लागतात. आमचा रस्ता कर्ली नदीच्या मुखातून आहे. नदीचं पाणी ओहोटीने बाहेर पडत असताना समोरून लाट आली की मुखावर ती फुटते, आणि होडीला तिथे वळायला जागा नसते. म्हणून मेच्या उत्तरार्धात मी परतीची वेळ चढत्या पाण्यात येईल असा दिवस निवडतो, मग मासा थोडा कमी मिळाला तरी चालेल. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर विषयच संपला. 2021च्या मेमध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. ॲडव्हान्स दिलाय म्हणून माझ्याशी वाद घालू नका, पैसे परत मिळतील.

होडी ठरवताना विचारायच्या गोष्टी. मासेमारीचा परवाना वेगळा आणि माणसं नेण्याचा वेगळा, दुसरा आहे का ते विचारा. होडीवर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नंबर रंगवलेला हवा. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ते अंगात घालायचं, बुडाखाली घ्यायचं नाही. इंजिन बंद पडलं तर वल्ही आहेत का? दर होडीचा असतो, डोईमागे नाही. त्यात पेट्रोल, बर्फ, आमिष धरलंय का आणि मासा कोणाचा, हे आदल्या रात्रीच बोलून घ्या. चार गरवणारे पुरे. आठ जण बसले की सगळ्यांचे तंगूस एकमेकांत गुंततात आणि दिवस ते सोडवण्यात जातो.

आम्ही भोगव्याच्या, निवतीच्या अंगाला खाली दक्षिणेकडे जातो. वर किल्ल्याकडे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, त्याच्या गाभ्यात गरी टाकायची नसते. एखादा "किल्ल्यापाशीच मोठा गोबरा काढून देतो" म्हणाला तर त्याच्या होडीत चढू नका. आणि थर्माकोलचे बोये किंवा काठीवरचे बावटे दिसले की खाली कुणाचं तरी जाळं आहे असं समजा. तिथून लांब राहायचं. त्या जाळ्यावर एक घर चालतं.

समुद्र लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्री घ्यावी, होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. पहाटे भाकरी किंवा दोन केळी खा. कोल्हापूरकर रात्री तांबडा-पांढरा रस्सा ओरपून येतात आणि मुखाबाहेर पडल्यावर माशांना त्याचं आमिष घालतात! मळमळलं तर मोबाइल खिशात ठेवून लांब क्षितिजाकडे बघा आणि होडीच्या मागच्या भागात बसा, पुढे हेलकावे जास्त. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, माणशी दोन-तीन लिटर पाणी. चपला किनाऱ्यावर ठेवू नका, होडीत तळव्याखाली गऱ्या असतात.

आता गरवणं. स्वतःचा रॉड असेल तर उत्तम, नसेल तर हाताने सोडायचा तंगूस आमच्याकडे असतोच. तळाच्या मासेमारीला 30 ते 40 पौंडांचा दोर पुरतो. आमिष म्हणून म्हाकूल (स्क्विड) सर्वांत चांगलं, कारण ते चिवट. लहान मासे टोचून टोचून बांगड्याचा तुकडा पळवतात, म्हाकूल टिकतं. बोटभर लांबीची पट्टी कापा, एका टोकाला गरी दोनदा आरपार घाला, उरलेली पट्टी मोकळी लोंबू द्या. गोळा करून गरीवर कोंबू नका. पाण्यात ती पट्टी हलली पाहिजे आणि गरीचं टोक उघडं राहिलं पाहिजे.

10-12 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोलीवर शिसं टेकलं की दोर ढिला पडलेला हाताला कळतो. लगेच हातभर वर घ्या, नाहीतर खडपात अडकलंच. मग तर्जनीवर दोर ठेवून थांबा. टुकटुक लागली तर ते लहान मासे, हिसका देऊ नका. तांबोशी आधी दोनदा ठोकते, मग ओढते. गोबरा ठोकत नाही, एकदम जड होतो. तो कपारीतून बाहेर येऊन आमिष घेतो आणि लगेच मागे फिरतो, म्हणून पहिले तीन-चार हात दम न खाता वर काढायचा. कपारीत शिरला की कल्ले फुगवून बसतो, मग दोर तुटेपर्यंत बाहेर येत नाही. त्यातून एक तोड आहे: दोर पूर्ण ढिला सोडून दोन मिनिटं थांबायचं. कधी कधी तो आपण होऊन बाहेर निघतो.

काही झालं तरी दोर हाताला गुंडाळायचा नाही. मोठा कोकर मासा लागला तर नायलॉन बोटात हाडापर्यंत जातो.

सुरमईचं तंत्र वेगळं. तिचे दात कात्रीचं काम करतात, त्यामुळे गरीच्या आधी वीतभर तार हवीच. आमिषाला आख्खी तारली (लहान मासा) लावत असाल तर दुसरी गरी शेपटीजवळ ठेवा. सुरमई मागून येऊन शेपूटच उडवते, एकच गरी तोंडापाशी असली तर अर्धी तारली परत येते आणि तुम्ही आमच्याकडे बघत बसता. लागली की पहिली धाव तिला घेऊ द्या. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर ज्या ताणाला सुटतो तो, दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, त्याहून घट्ट नको. पण खरं सांगू? उन्हाळ्यात सुरमई बेभरवशाची. खडपावरचा मासा तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवत नाही, फोटो मात्र सुरमईचा हवा असतो प्रत्येकाला.

होडीत आलेल्या माशाला हात लावायच्या आधी तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारा. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात, पाकटाचा काटा शेपटीत. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात किंवा पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जायचंच. फुग्यासारखा फुगणारा केंड कितीही मोठा असला तरी पाण्यात सोडा. त्याचं विष शिजवून जात नाही. लहान मासाही सोडायचा. राज्य सरकारने 2023 साली 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिलेत, आणि ते नसते तरी वीतभर तांबोशीत खायला असतं काय?

ठेवायचा मासा लगेच कल्ल्यापाशी कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. नुसत्या बर्फापेक्षा बर्फात थोडं समुद्राचं पाणी घातलं तर तो सगळीकडून लवकर गार होतो. होडीच्या फळीवर उन्हात अर्धा तास पडलेली सुरमई घरी जाईपर्यंत मऊ पडते. नंतर मसाल्याला दोष देऊ नका.

परतल्यावर पोट साफ करून घ्या, खवले आणि डोकं राहू द्या. गोड्या पाण्याने धुतलेला मासा लवकर उतरतो, तेव्हा धुणं घरी. डबा भरताना खाली बर्फ, मग मासा प्लास्टिकमध्ये, वर पुन्हा बर्फ. कोल्हापूरला जाणाऱ्यांनी कणकवलीत थांबून वितळलेलं पाणी काढावं, नवीन बर्फ भरावा आणि मगच फोंडा घाट चढावा.